माझ्यासमक्ष सही केली

महाडच्या कोर्टाच्या बाररूममध्ये खिडकीजवळची खुर्ची माझी. तिथे दुसरं कुणी बसत नाही. नव्याने सनद घेतलेल्या पोरापोरींना वाटतं, बाईंचा मान आहे. मान कसला डोंबलाचा! एक काळ असा होता की माझ्या शेजारी बसून चहा प्यायला कुणी तयार नव्हतं. ती खुर्ची एकटी पडली, आणि पडून पडून माझी झाली.

कारण सरळ आहे. मी वकिलांविरुद्धच्या तक्रारी चालवते.

एखाद्या वकिलाने गैरवर्तन केलं तर त्याची तक्रार कोर्टात चालत नाही. वकिलांची स्वतःची परिषद असते, तिच्या शिस्तपालन समितीपुढे ती चालते, मुंबईला. तीन वकील बसतात आणि चौथ्याचा निवाडा करतात. गुन्हा किरकोळ असेल तर ताकीद मिळते. मोठा असेल तर सनद काही काळ निलंबित होते, नाहीतर कायमची जाते. सनद गेलेल्या वकिलाला बाकीचं जग पूर्वीसारखंच नमस्कार करतं, फक्त त्याच्या हातात कागद कुणी देत नाही. मी तक्रारदारांच्या बाजूने उभी राहिले तशी वकिलांच्या बाजूनेही राहिले. पण बाररूमला लक्षात राहतं ते पहिलंच. "बाई, घरचं भांडण वेशीवर टांगताय," असं एका ज्येष्ठ वकिलांनी मला भर व्हरांड्यात ऐकवलं होतं. मी म्हटलं, "दादा, वेशीवर नाही, माजघरातच चाललंय. दार लावून घेतात ते लोक." आणि खरंच ही कामं बंद दाराआड चालतात. म्हणूनच या लेखातली नावं मी बदलली आहेत.

लोक काय काय तक्रारी घेऊन येतात, सांगितलं तर हसाल. पाचाडला खानावळ चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे तावातावाने आले. म्हणाले, "माझा वकील फितूर आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. कोर्टात समोरच्या वकिलाशी कडकडून भांडला आणि बाहेर येऊन त्याच्याचबरोबर वडापाव खाल्ला!" मी त्यांना विचारलं, "तुमच्या खानावळीत भांडलेली दोन भावकीतली माणसं एका पंगतीला बसतात की नाही?" म्हणाले, "बसतात की, पण तोंड फिरवून बसतात." आता यावर काय बोलणार? त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. वकील हरला, वकील उशिरा आला, वकील नीट बोलला नाही, यातलं बरंचसं दुःख असतं, गैरवर्तन नसतं. त्यातून खरं गैरवर्तन वेगळं काढायचं, हे आमचं पहिलं काम.

दुसरं काम सुनावणीच्या आधीचं. सिनेमात वकील थेट साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे बोट करतो, त्यामुळे हे काम कुणाला माहीत नसतं. तक्रार शपथेवर द्यायची. वकिलाने शपथेवर उत्तर द्यायचं. मग दोघांनी आपापल्याजवळचे कागद एकमेकांपुढे ठेवायचे, अस्सल कागद कुठे असेल तिथे जाऊन तो डोळ्यांनी बघायचा, आणि कुठला खरा मानतो, कुठला नाही, ते लिहून द्यायचं. आम्ही त्याला 'डिस्कव्हरी' म्हणतो. माझं मत विचाराल तर निम्मी प्रकरणं इथेच निकालात निघतात. आणि यातली खोच अशी, की आपल्या सोयीचं तेवढंच पुढे करून चालत नाही. आपल्या अंगावर येणारं असेल तेही दाखवावं लागतं. हे अशिलाला पटवताना माझ्या घशाला कोरड पडते.

साळवींचं प्रकरण याच टप्प्यावरचं.

साळवी वकील पोलादपूरचे. रोज सकाळी एसटीने महाडला येणारा, घरचा डबा आणणारा, सगळ्यांशी हसून बोलणारा माणूस. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांची बरीच कामं त्यांच्याकडे असायची. कारण हा माणूस अशिलाला हेलपाटे घालायला लावत नसे. "एवढ्या लांबून कशाला येता? कागद घरी न्या, सही करून पाठवून द्या," असं म्हणायचे. गावाकडच्या माणसाला असला वकील म्हणजे देवच. निम्मी घरं मुंबईत, सही करणारा भांडुपला किंवा घाटकोपरला, आणि कागद इथे. साळवींनी या सगळ्यांची सोय केली होती. सोय फार वाईट गोष्ट असते हो, आमच्या धंद्यात.

तर एके दिवशी पोलादपूरजवळच्या कापडे गावचा रमेश माझ्या ऑफिसचा जिना चढून आला. महाडमध्ये वकिलाचं ऑफिस वरच्या मजल्यावर असतं. खालच्या मजल्यावर कागद ठेवले तर पावसाळ्यात सावित्री नदी येऊन वाचून जाते. रमेश मुंबईत कंपनीत नोकरी करून निवृत्तीला टेकलेला. खुर्चीत बसायच्या आधीच बोलला, "मॅडम, साळवी वकिलाची सनद घालवायची हाय."

"बसा तर आधी. काय केलं त्यांनी?"

"माझी खोटी सही केली."

मी पेन खाली ठेवलं. असा आरोप दर वर्षी कुणी ना कुणी करतो, पण रमेशजवळ पुरावा होता. घरामागच्या परड्यावरून त्यांचा चुलतभावाशी महाडच्या कोर्टात दावा होता. दावा लावला होता दोघांनी मिळून, रमेश आणि त्याची वहिनी सुभद्रा. थोरला भाऊ वारला होता, गावचं घर ही वहिनी एकटी सांभाळायची. दोघांचे वकील साळवी. रमेशच्या नकळत त्या दाव्यात तडजोड झाली आणि परड्याचा वरचा निम्मा भाग चुलतभावाला गेला. रमेश शिमग्याला गावी आला तो बंगल्याचा नकाशा आणि कॉन्ट्रॅक्टर घेऊनच आला. निवृत्तीनंतर राहायला बंगला बांधायचा होता, त्याच परड्यात. बघतो तर परड्याच्या मधोमध दगडाचा गडगा घातलेला! वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "कोर्टात मिटलं." हा तसाच महाडला आला आणि तडजोडीच्या कागदाची नक्कल काढली. खाली वहिनीचा अंगठा, त्याच्या शेजारी रमेशची सही, आणि त्याखाली साळवींच्या हाताने लिहिलेलं, 'दोघांनी माझ्यासमक्ष सही केली.'

"त्या दिवशी मी कंपनीत होतो, मॅडम. हजेरी लागलेली हाय. मग सही केली कोणी? घरात लिवता येणारं कोण? वयनी अंगठेवाली. राहिला कोण? वकील!"

तर्क बिनतोड होता. मी तक्रार घेतली, रमेशने ती शपथेवर दिली. साळवींना नोटीस गेली. त्यांचं उत्तर आलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. शपथेवर लिहिलं होतं, सही रमेशचीच आहे आणि त्याने ती माझ्यासमक्ष केली. अरे माणसा! हजेरीचा दाखला समोर आहे, आणि हा म्हणतो माझ्यासमक्ष! निदान 'मला आठवत नाही' म्हणाला असता. या उत्तराने साळवींनी स्वतःच स्वतःला आत घालून बाहेरून कडी लावली. सही रमेशची नाही हे एकदा ठरलं की ती साळवींनीच केली असं धरलं जाणार होतं, आणि बनावट सही करणाऱ्या वकिलाची सनद राहत नाही. बाररूममध्ये बातमी पसरली आणि माझ्या शेजारचे चहाचे कप उठून दुसऱ्या टेबलावर गेले. मी खिडकीतून बाहेर बघत चहा प्यायले. चहा चांगला होता.

पाहणीच्या दिवशी कोर्टाच्या रेकॉर्डमधला अस्सल कागद आम्ही बघितला. कारकून शेजारी उभा, साळवी एका बाजूला, मी आणि रमेश दुसऱ्या बाजूला. साळवींनी कागदावर नजर टाकली आणि लगेच काढून घेतली. रमेश मात्र वाकून बघत राहिला. मला वाटलं चिडेल, ओरडेल. पण जिना उतरताना एवढंच म्हणाला, "सही झकास केलीय हां भडव्यानं." आणि जीभ चावली.

पुढची पायरी नमुना सह्यांची. वादातली सही आणि माणसाची खरी सही हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवायची. मी रमेशला ऑफिसात बसवलं आणि म्हटलं, "करा सह्या." त्याने झरझर इंग्रजीत सह्या केल्या.

"मराठीत करा. तो कागद मराठीत आहे."

रमेश थांबला. मग एकेक अक्षर काढायला लागला. नाव झालं, बापाच्या नावापाशी अडला, आडनाव ओळ सोडून वर चढलं. शपथ घेऊन सांगते, नाटक नव्हतं ते. घाम आला होता त्याला.

"अहो, तुमचीच सही ना?"

"सवय नाय राहिली, मॅडम. मुंबईला गेल्यापासून इंग्लिशच. गावात सही करायचा प्रसंग येतच नाय."

"कसा येत नाही? घर तुमच्याही नावावर, जमीन तुमच्याही नावावर. नोटिसा येतात, ग्रामपंचायतीचे कागद येतात, पोस्टाचं रजिस्टर येतं. त्यावर सही कोण करतं?"

"ते सगळं वयनी बघते."

"कशी बघते? तिला लिहिता येत नाही म्हणालात ना?"

रमेशने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी खुर्चीवरून उठले. तीस-बत्तीस वर्षं हा धंदा केला की माणसाचं गप्प बसणं ऐकू यायला लागतं. "चला," मी म्हटलं, "मी गाडी काढते. कापड्याला जाऊ."

माघ महिना होता. आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो तशी रमेशची बडबड बंद झाली. घरी पोचलो तेव्हा सुभद्रावहिनी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बारीक, काटक बाई. मला बघून उठल्या, आतून पाण्याचा तांब्या आणला, गुळाचा खडा दिला. रमेशला म्हणाल्या, "आरं, सांगून तरी यायचंस. भाकरी टाकली असती."

रमेशने वकिलावर तक्रार केलीय हे त्यांना माहीतच नव्हतं. 'बायामाणसाला कशाला ताप' म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. मी तडजोडीच्या कागदाची नक्कल त्यांच्यासमोर धरली.

"वहिनी, हा अंगठा कुणाचा?"

"माझा."

"आणि ही सही?"

"ती रमेशची."

"कुणी केली?"

"मी."

एवढं सरळ! मला वाटलं होतं, रडारड होईल, नाही-हो होईल. त्यांनी वालाची शेंग सोलता सोलता सांगितलं.

रमेश ओसरीच्या पायरीवर मटकन बसला. "वयनी, तुला लिवता येतं?"

"लिवता कुठं येतंय? तुझं नाव येतंय तेवढं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा लहान होता तवा आई गेली याची. शाळंत घातला तर मास्तर रोज नाव गिरवायला द्यायचे पाटीवर. हा रडायचा. मग मी याचा हात धरून गिरवायची. याचा हात आणि माझा हात. हा शिकला, मी पन शिकली. मग हा मुंबईला गेला. कागद घिऊन मानूस दारात यायचा, रमेशची सही पायजे म्हनायचा. मी म्हनायची, तो नाय हतं. तर तो म्हनायचा, मग मी परत जाऊ का एवढा डोंगर चढून? मग मी आत जाऊन करून आनायची. कोनी कधी काय बोललं नाय."

"आणि हा कागद?"

"वकिलानं दिला घरी. म्हनाले, रमेशची सही घेऊन पाठवा. आता ह्यो येनार कवा? फोन लावला याला. म्हटलं, आरं परड्याचं मिटवूया का? तर म्हनला, वयनी, तुला काय करायचं ते कर, मी ड्युटीवर हाय."

मी रमेशकडे बघितलं. तो गडग्याकडे बघत होता.

"मिटवलंत का पण, वहिनी? निम्मं परडं दिलंत."

"बाय, मी रात्रंदिवस हतं एकटी. गेल्या साली फणफणून ताप आला, तवा डोलीत घालून कोनी नेलं दवाखान्यात? त्याच चुलतभावाच्या पोरांनी. हा शिमग्याला येतो नि गणपतीला येतो. त्यांच्याशी कोर्टात भांडू, नि त्यांच्याच हातचं पानी पिऊ?"

ऐकून माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही. पण डोळे भरून चालणार नव्हतं. हातात शपथेवर दिलेली तक्रार होती आणि ती खोटी होती.

परत निघायच्या आधी रमेशने मला गडग्यापाशी बाजूला घेतलं. "मॅडम, तक्रार मागं घ्या."

"ती चुलीवरची भाजी नाही, उतरवून ठेवायला. एकदा समितीपुढे गेली की तक्रारदार नको म्हणाला म्हणून बंद होत नाही."

"मग सहीचं काढूच नका. माझ्यासमक्ष म्हणून त्यानं खोटं लिवलं का नाय? तेवढंच चालवा ना!"

मुद्दा चलाख होता. साळवींनी खोटं लिहिलं होतं, यात शंकाच नव्हती. पण सहीबद्दल आम्ही गप्प बसलो असतो तर समितीने बनावट सहीचा ठपका साळवींवरच ठेवला असता. न केलेल्या गोष्टीसाठी माणसाची सनद गेली असती, आणि आम्हाला ते माहीत असताना गेली असती. मी सरळ सांगितलं, "रमेश, साळवी जिथे चुकले ते सगळं सांगू. पण बाकीचंही सांगू. तसं जमत नसेल तर तुमचे कागद घ्या आणि दुसरा वकील बघा. मी कुठे बोलणार नाही. पण तुमच्यासाठी उभीही राहणार नाही."

"मग वयनीवर केस होईल ना! दुसऱ्याची सही करणं गुन्हा हाय!"

तो मोठ्याने बोलला. अंगणात ऐकू गेलं. सुभद्रावहिनी सूप बाजूला ठेवून उठून आल्या. मी त्यांना काही न लपवता सांगितलं. वकिलाची सनद जाऊ शकते. आणि खरं सांगितलंत तर तुम्हालाही त्रास होऊ शकतो, कुणी तक्रार केली तर.

"वकिलाचा धंदा बंद होनार? मी सही केली म्हनून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नाय गो बाय. ते काय बरं नाय. मी येते नि सांगते." मग त्यांनी विचारलं, "माझ्यावर तक्रार कोन करील? सही तर रमेशची केली मी. रमेशच करील ना केली तर?"

 रमेशने मान हलवली, नाही म्हणून, आणि घरात निघून गेला. दुसऱ्या आठवड्यात तो आला आणि त्याने नवीन प्रतिज्ञापत्र दिलं. वहिनींचंही दिलं. एका बाबतीत मी मागे हटले नाही, त्या काय बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं. वकिली भाषेत घातलं असतं तर त्यातला जीव गेला असता.

कागद समितीकडे पाठवण्याआधी प्रत साळवींना द्यावी लागते. मी त्यांना ऑफिसात बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसले. आधी चेहऱ्यावर जीव आला, आणि लगेच राग. "म्हणजे या बाईने माझा गळा कापला होता! मी फौजदारी करीन तिच्यावर!"

इथे माझा पारा चढला. वयाने समवयस्क, नाहीतर कान धरला असता. "साळवी, ती बाई मुंबईला यायला तयार झालीय ती तुमची सनद वाचवायला. आणि तुम्ही शपथेवर काय लिहिलंत? माझ्यासमक्ष! कोण होतं तुमच्यासमक्ष? तिथे तुमची टेबलखुर्ची होती फक्त! फौजदारी करायची तर आधी आरशासमोर उभे राहा."

साळवींनी कागदाची कड चुरगळली, मग सरळ केली. "ताई," ते म्हणाले, "मला खरंच वाटलं होतं सही त्याचीच असणार. घरून आली होती. नोटीस आली आणि घाबरलो. एकदा 'माझ्यासमक्ष' लिहिलं होतं, मग तेच धरून बसलो."

"मग सोडा ते आता. लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. उत्तर बदललं. मी निश्चिंत झाले. पण निश्चिंत व्हायला नको होतं.

मुंबईला समितीपुढे आम्ही उभे राहिलो तेव्हा तीन सदस्यांपैकी एकाने दोन्ही बदललेली प्रतिज्ञापत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "मॅडम, हा काय प्रकार? तक्रारदार म्हणत होता वकिलाने सही केली. वकील म्हणत होता रमेशने केली. आता दोघं एकदम म्हणतात, या बाईने केली. आणि ही बाई तर याच कागदावर अंगठा लावते! मिटवलंत की काय तुम्ही बाहेरच्या बाहेर? म्हाताऱ्या बाईच्या माथी मारून?"

त्यांची शंका रास्त होती. मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. असं घडतं, अंगठा लावणाऱ्या माणसाच्या नावावर काय वाटेल ते खपवतात. साळवींचा चेहरा पांढरा पडला. आमचं म्हणणं खोटं ठरलं असतं तर बनावट सही आणि वर समितीची फसवणूक, दोन्ही त्यांच्या नावावर लागणार होतं. बाकी पुरावा काही नव्हता. सगळं त्या बाईच्या हातावर होतं.

मी म्हटलं, "साहेब, त्या इथेच आहेत. कागद आणि पेन द्या."

अध्यक्षांनी कोरा कागद पुढे केला. रमेशला बाहेर पाठवलं. सुभद्रावहिनी खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, इरकली लुगडं नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. अध्यक्ष नरमाईने म्हणाले, "बाई, यावर सही करा बरं."

वहिनींनी पेन हातात घेतलं, कागद सरळ केला, आणि मान वर करून विचारलं, "कोनाची?"

अध्यक्षांनी शेजारी बघितलं. मग शंका काढणारे सदस्य म्हणाले, "रमेशची."

त्यांनी सही केली. नाव, बापाचं नाव, आडनाव, एका दमात, शेवटी खाली एक रेघ. पाटीवर गिरवलेलं वळण. अस्सल कागद शेजारी ठेवला तेव्हा तज्ज्ञाची गरजच उरली नाही. त्या सदस्यांनी दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं, चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

साळवींना ताकीद मिळाली. न बघता 'माझ्यासमक्ष' लिहिलं आणि मग शपथेवर त्याला चिकटून राहिले, म्हणून. कडक शब्दांत मिळाली आणि ती त्यांनी मान खाली घालून घेतली. सनद राहिली. परत आल्यावर पहिल्याच दिवशी ते बाररूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले आणि दोन चहा सांगितले. बाकीचे हळूहळू आले. काही अजून आले नाहीत. त्याचं थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आजकाल कोर्टात कुणी वकील 'ही सही तुम्हीच केलीत ना?' असं अशिलाला तोंडावर विचारताना दिसला की मला बरं वाटतं. साळवी तर आता अशिलाला डोंगरावरून खाली बोलावतातच. लोक कुरकुरतात.

रमेशने तडजोडीला आव्हान दिलं नाही. गडग्याच्या अलीकडे दोन खोल्या बांधल्या आणि राहायला आला.

पण त्या दिवशीचं अजून एक सांगायचं राहिलं. सही करून झाल्यावर वहिनींची जबानी लिहून घेतली, वाचून दाखवली. खाली त्यांची खूण हवी होती. कारकुनाने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला आणि वहिनींनी तितक्याच सवयीने अंगठा पुढे केला. रमेशला तोवर आत बोलावलं होतं. त्याने बघितलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तो आपल्या रुमालाने त्यांच्या अंगठ्याची शाई पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "वयनी, एवढी झकास सही येते तुला. मग स्वतःचं नाव का नाय गो शिकलीस?"

सुभद्रावहिनींनी हात त्याच्या हातात तसाच राहू दिला.

"तुझी सही सगळ्यांना पायजे असायची रे," त्या म्हणाल्या. "माझी कोनी मागितलीच नाय."